जाळ्यावरून जाणारं इंजिन

“चाळीस हॉर्सपॉवर लावा. अलिबागला असतंय ना, तसलं पांढरं,” सरपंच काळूराम म्हणाले.

आम्ही शेणवे गावाच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या काठावर उभे होतो. समोर ग्रामपंचायतीची नवी फायबरची होडी डुलत होती. तिचं इंजिन ठरवायला मला शहापूरहून बोलावलं होतं. मुंबईच्या एका बोटयार्डात इंजिनं बसवण्यात माझी सगळी नोकरी झाली. रिटायर झालो तरी लोक विचारायला येतात आणि मलाही बरं वाटतं.

पाण्यापलीकडे एक वाडी आहे. तिथल्या बाळंतिणींना दवाखान्यात नेणारी आशा सेविका सुगंधाताई पुढे आली. “सायेब, पांढरा का काला, मना नाय कलत. माझे पुतनीचे दिस भरत आलेत. वारा सुटला का वल्हवून वल्हवून हात मोडतात. इंजिन मधीच बंद नाय पडला पायजे.”

माझ्या लेखी खरं स्पेसिफिकेशन तेवढंच होतं.

सरपंचांना मी समजावलं, “होडी रुंद आहे, जड आहे. ती पाणी ढकलत जाते. एका वेगापुढे कितीही पॉवर लावा, पेट्रोल जळेल, मागची बाजू खाली बसेल, वेग वाढणार नाही.”

त्यांनी मान डोलावली. “बरं, मग पंचवीस?”

बाजारात वांगी घेतल्यासारखा भाव चालला होता. मी ट्रायलसाठी छोटं आउटबोर्ड आणलं होतं. हे इंजिन होडीच्या मागे अडकवायचं, खाली त्याचा पंखा पाण्यात फिरतो. मधल्या खोल पाण्यात ते झकास पळालं. सरपंच खूश, मीही खूश.

वाडी जवळ आली आणि घोटाळा झाला. तिथे पाण्यात बुडालेली जुनी झाडं आहेत. माणसं या झाडापासून त्या झाडापर्यंत जाळी बांधतात. कोणाची झाडं कोणती, हे घरोघरी ठरलेलं असतं आणि दुसऱ्याने बांधलेल्या जाळ्याला कोणी हात लावत नाही. वल्ही उचलायची, होडी वरून सरकवायची, असा तिथला रिवाज. आमच्या पंख्याला रिवाज कोण सांगणार? जाळं गुंडाळून इंजिन बंद पडलं. ते सोडवून निघालो, तर पंखा खोडावर आपटून शिअर पिन तुटली. ही पिन मुद्दाम कच्ची ठेवतात. घरातल्या फ्यूजसारखी ती स्वतः जाते आणि गिअर वाचवते.

“जाली काढायलाच सांगतो सगल्यांना,” सरपंच तणतणले.

“सांगा की,” सुगंधाताई म्हणाली. “आता फाडलात ती तुमच्या सासऱ्याची हाय.”

सरपंचांनी वल्हं हातात घेतलं. मला हसू आवरेना.

आउटबोर्डही वर उचलता येतं, पण मग दर जाळ्याला थांबावं लागतं. म्हणून पुढच्या खेपेला मी लाँगटेल नेलं. त्यात छोटं पेट्रोल इंजिन आणि त्याला लांब दांडा असतो, दांड्याच्या टोकाला पंखा. हँडल खाली दाबलं की पंखा पाण्याबाहेर येतो. इंजिन चालूच राहतं.

“हा तर काकडीच्या मल्यातला पंप!” सरपंच ओरडले. “उद्घाटनाला आमी लोकांना हा दाखवाचा?”

“म्हणूनच निवडलं. बिघडलं तर शहापुरात कोणीही पंपवाला खोलेल. तुमच्या पांढऱ्याचा पार्ट मागवावा लागेल. बाळंतपण तोवर थांबेल का?”

सुगंधाताईकडे बघत सरपंचांनी हँडल हातात घेतलं. जाळ्याशी आल्यावर मी म्हटलं, “रेस कमी करा. आता दाबा.” पंखा वर आला, सरपंचांच्या सदऱ्यावर पाणी उडालं आणि होडी अलगद पलीकडे गेली. जाळ्याचा धागाही हलला नाही. त्यांनी होडी वळवली आणि पुन्हा तेच केलं. मग पुन्हा. उतरायचं नावच घेईनात.

इंजिन बसवून मी घरी आलो, पण जीव टांगणीलाच होता. मग एकदा सुगंधाताईचा फोन आला. पुतणीला दवाखान्यात मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या.

“आणि इंजिन? वाटेत काही त्रास?” मी घाईने विचारलं.

“इंजिनाचा काय इचारता सायेब? पोर कशी हाय ती इचारा ना!”

मी ओशाळलो, आणि मनापासून सुखावलोही. इतकी वर्षं या धंद्यात काढून माझं एवढंच मत झालंय. इंजिन बरोबर निवडलं असेल तर काठावर उतरल्यावर कोणी त्याचं नाव काढत नाही.