क्वार्टर नंबर वाचला, स्ट्रीट नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या बाकी सगळ्या खोडी तिला पाठ आहेत — मी गाडीतलं पेट्रोल संपेपर्यंत भरत नाही, पाहुणे आले की झोपेचं सोंग घेतो — पण ही एक गोष्ट तिच्यापर्यंत पोचू दिलेली नाही. बाबा गेले, त्यांनाही कळली नाही. तेव्हा रडता रडता मनात कुठेतरी हायसं वाटलं होतं. असं वाटणारा माणूस कसा असेल? तुम्हीच ठरवा. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट माहीत नाही. मागच्या आठवड्यात वर्गात जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही, एवढंच.

आधी कामाचं सांगतो. कामाच्या आडोशाला उभं राहायची मला सवयच आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. साखळीत ओवलेल्या प्रत्येक अमिनो आम्लाला आम्ही रेसिड्यू म्हणतो आणि त्याला क्रमांक देतो. साखळी सरळ राहत नाही, तिच्या घड्या पडतात, आणि मग एकमेकांपासून लांबचे दोन रेसिड्यू अगदी जवळ येऊन बसतात. याला कॉन्टॅक्ट म्हणायचं. कोण कोणाला धरून आहे हे कळलं, की ते प्रथिन कशाच्या जोरावर टिकून आहे ते कळतं. प्रथिनाचा क्रिस्टल करून त्याची रचना काढलेली असते, तिच्या फाइलमध्ये प्रत्येक अणूची जागा दिलेली असते. ती फाइल वाचून अंतरं मोजणारा प्रोग्राम लिहायचा — भिलाईतल्या एका कॉलेजात पीएचडी करताना मी दिवसभर हेच करायचो.

आणि मला एक कॉन्टॅक्ट सापडला होता. माझ्या प्रथिनाचे दोन्ही भाग त्या एका जोडीने बांधून ठेवलेत, असं मी छातीठोकपणे सांगत फिरायचो. माझे गाइड सर खूश. रुआबांध्याच्या घरी बाबा खूश — आयुष्यभर स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये राबलेला माणूस, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोराला काहीतरी सापडलंय एवढं त्यांना पुरत होतं. मिठाई वाटायची तेवढी राहिली होती.

वंदना लॅबमध्ये माझ्यानंतर आली. नंदिनी नगरची, वडील चुनखडीच्या खाणीत. रोज बसने यायची, डब्यात ठेचा आणायची, आणि तो आधी माझ्यापुढे सरकवायची. लॅबमध्ये सगळा कारभार हिंदीत. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, तेही घरचं मराठी, भंडाऱ्याकडून आजोबांबरोबर आलेलं. मला भाऊ म्हणायची. सरांनी तिला माझ्या प्रथिनाच्या भावकीतली इतर प्रथिनं दिली होती, आणि माझा तो लाडका कॉन्टॅक्ट तिला त्यांतल्या एकातही सापडत नव्हता. ती बिचारी आठवडेच्या आठवडे स्वतःचीच चूक शोधत बसली. मग एका दुपारी तिने माझी फाइल उघडली.

कॉलेजबाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता तिने मला सांगितलं. हसत सांगितलं, हे विशेष.

“भाऊ, तुमी क्वार्टर नंबर वाचला, स्ट्रीट वाचलीच नाही.”

भिलाईच्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही. प्लांटच्या टाउनशिपमध्ये तोच क्वार्टर नंबर प्रत्येक स्ट्रीटवर असतो. स्ट्रीट न विचारता गेलात तर भलत्याच्या घरी जाऊन बसाल, आणि तो तुम्हाला पाणीही देईल. माझ्या फाइलमध्ये त्या प्रथिनाच्या दोन प्रती होत्या, ए साखळी आणि बी साखळी. दोन्हींत रेसिड्यूंचे क्रमांक तेच. माझा प्रोग्राम क्रमांक वाचत होता, अक्षर वाचत नव्हता. माझ्या जोडीतला एक रेसिड्यू ए मधला होता, दुसरा बी मधला. दोन प्रती क्रिस्टलमध्ये दाटीने रचल्या गेल्या म्हणून ते एकमेकांना टेकले होते. प्रथिनाच्या आत तसलं काही नव्हतंच.

लॅबमध्ये परत जाऊन मी फाइल पाहिली. तिचं बरोबर होतं. पाहायला दोन मिनिटंही लागली नाहीत — आणि हे लिहिताना अजूनही कान गरम होतात. मी तिला म्हणालो, “बरोबर आहे तुझं. उद्या मीच सांगतो सरांले.”

ती म्हणाली, “तुमीच सांगा. मी सांगन तं बरं नाही दिसत. आन् घाबरून कावून राहिले? चूक तं होतेच.”

तिने मला संधी दिली होती, कळतंय ना? सरळ सरांकडे जाता आलं असतं तिला. ती माझ्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कामाचा आढावा होता. बाहेरून आलेले दोन परीक्षक, सर, आम्ही दोघं. कोणाची फेलोशिप पुढे चालू ठेवायची ते तिथेच ठरणार होतं. माझं आधी झालं. मी तो कॉन्टॅक्ट पडद्यावर दाखवला. हो, दाखवला. का दाखवला? रात्रभरात काही बदलता आलं नसतं, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. पण एक वाक्य तर बोलता आलं असतं. तेही बोललो नाही.

मग वंदना उभी राहिली, आणि एका परीक्षकाने विचारलंच, की एकाच कुळातली प्रथिनं, तर दोघांच्या कामात हा फरक कसा? सरांनी माझ्याकडे पाहिलं. तिनेही माझ्याकडे पाहिलं, अगदी निर्धास्तपणे, कारण मी सांगणार हे ठरलेलं होतं.

मी हिंदीत म्हणालो, की हिच्या प्रोग्राममध्ये काहीतरी गडबड आहे, मी तपासून देईन.

तिचा चेहरा मला आठवतो, पण मी त्याचं वर्णन करणार नाही. ती सरांशी बोललीच नाही. ती माझ्याशी बोलली, आणि तोंडून घरचीच भाषा निघाली. “भाऊ, काल तं तुमी म्हणले ना, मी सांगतो म्हणून?”

सरांना मराठी येत नव्हतं. परीक्षकांनाही नाही. सरांनी मला विचारलं, “क्या कह रही है?”

आणि मी — हेच ते, इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतोय — मी म्हणालो, “कह रही है, गलती हो गई, सर. दोबारा करेगी.”

तिला हिंदी येत नव्हतं असं थोडंच होतं? माझ्यापेक्षा चांगलं यायचं. तिने ऐकलं. तिथल्या तिथे मला खोटं पाडता आलं असतं तिला. तिने कागद गोळा केले आणि खाली बसली.

तिची फेलोशिप पुढे गेली नाही. काम विश्वासार्ह नाही, असा शेरा पडला. काही महिने तिने तसेच रेटले, मग येणं बंद केलं. मी प्रोग्राम गुपचूप दुरुस्त केला, एका अक्षराची तर गोष्ट, आणि थीसिसमधून तो कॉन्टॅक्ट काढून टाकला. सरांना सांगितलं, जास्त बारकाईने पाहिलं तेव्हा टिकला नाही. सरांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मी ते मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि त्यालाही ते विनय समजले.

वंदना नंदिनी नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, असं ऐकून होतो. भिलाईतल्याच वैशाली नगरच्या माझ्या घरापासून तिथे जायला तासभरही लागत नाही. कधी गेलो नाही.

इथेच थांबलं असतं तर कदाचित मी अजूनही गप्प राहिलो असतो. पण मी आता त्याच विषयाचा मास्तर आहे. दर वर्षी मुलांना सांगतो, की साखळीचं अक्षर वाचल्याशिवाय कॉन्टॅक्ट मोजू नका. आणि दर वर्षी रंगवून गोष्ट सांगतो — आमच्या लॅबमध्ये एक मुलगी होती, तिने क्वार्टर नंबर वाचला, स्ट्रीट वाचलीच नाही. वर्ग हसतो. वाक्य तिचं, चूक माझी, आणि हशा मी वसूल करतो. पहिल्यांदा असं का बोलून गेलो? “मी केली” म्हणायला जीभ वळली नाही. पुढच्या वर्षी ते सोपं गेलं. त्यानंतर तर मला त्यात खोटं काही वाटेनासंच झालं.

मागच्या आठवड्यातही सांगितली. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, हुशार आहे, या वर्षीचा प्रोजेक्ट माझ्याकडेच करते आहे. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी ती टेबलाशी आली, थोडी लाजत.

“सर, वो जो लड़की थी ना, ती माझी आत्या होय. मी घरी तुमची गोष्ट सांगितली तं आत्या बोली, वो मैं ही थी.”

मी विचारलं, अजून काय म्हणाली आत्या?

“बोली, सर बरोबर सांगून राहिले. गलती मेरी ही थी. आन् तुमाले नमस्ते सांगितलं.”

भाचीचा प्रोजेक्ट माझ्याकडे आहे. मार्क माझ्या हातात आहेत. वंदनाला हे माहीत आहे, आणि मी कसा माणूस आहे, तेही माहीत आहे.

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी म्हणालो, “माझाही नमस्कार सांग.” मग तिला जागेवर बसायला सांगितलं आणि हजेरी घ्यायला लागलो.