साखरेचं वाळवंट

जर्मनीत झिंडेलफिंगेनला आमच्या शेजारी एक जर्मन आजोबा राहतात. प्रत्येक वाक्याआधी ‘आल्झो’, म्हणजे ‘तर’, म्हणून ते जणू इंजिन तापवतात आणि मग डोळे मिटून बोलतात.

एकदा कॉफी पिताना म्हणाले, “आल्झो, बायको-मुलीला घेऊन मी व्यूस्टेवर विमान उडवायचो.” व्यूस्टे म्हणजे वाळवंट. जर्मनचं प्रमाणपत्र मिळवलेल्या माझ्या कानांनी ऐकलं ‘व्यूर्स्टे’, म्हणजे मांसाची सॉसेजेस. मी गंभीरपणे म्हणालो, “आम्ही शाकाहारी आहोत.”

आजोबांनी हसत टेबलावर साखर ओतली, बोटाने टेकड्या केल्या आणि त्यांवरून चमचा संथपणे उडवू लागले.

“शेजारी बायको. नकाशा कायम उलटा धरायची. मागे मुलगी झोपलेली. खाली नुसती सोनेरी वाळू.”

“आता मला न्याल का?” मी विचारलं.

“डॉक्टरांनी उडणं बंद केलंय. नजर अधू झाली.” ते डोळे मिटूनच म्हणाले. “मुलीला अजून सांगितलं नाही. बायको गेल्यापासून आम्ही दोघं फोनवर फक्त विमानाचंच बोलतो.”

चमचा अजून हवेतच होता. मी माझी बशी हळूच बाजूला सरकवून उतरायला जागा करून दिली.