छटाक डॉक्टर

ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला, डॉक्टरीची परीक्षा पास झालेला आणि डोकं ठिकाणावर असलेला माणूस गिरणीतल्या बायकांची उष्टी ताटं रोज तराजूत घालून जोखतो, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं. उरलेला भाकरीचा तुकडा, वाटीच्या तळाची आमटी, शेवग्याच्या शेंगेचा चोथासुद्धा ते वेगळा काढत, जोखत आणि वहीत लिहून ठेवत. सोलापूरच्या आमच्या बायकांच्या दवाखान्यात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. उंचीनं बेताचे, अंगानं काटकुळे आणि तोंडात सदानकदा छटाक, अदपाव, पावशेर. म्हणून कामावरच्या आयांनी त्यांना छटाक डॉक्टर करून टाकलं. ते कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं. शेरभर नाव मला पेलवलं नसतं."

मी तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. माहेर बार्शीचं. एकविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि सासरी भांडी घासत मरण्यापेक्षा परक्यांच्या जखमा धुतलेल्या बऱ्या, म्हणून पुण्याला जाऊन शिकून आले. जीभ तेव्हाही अशीच होती. सगळे मला वचकून असत, डॉक्टर सोडून. मी फाडकन बोलते म्हणजे खोटं बोलत नसणार, असा त्यांचा भाबडा हिशेब होता.

रोग जुनाच होता. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका सहाव्या-सातव्या महिन्यात आमच्याकडे येत. पापणी खाली ओढून पाहावी तर आत रक्ताचा मागमूस नाही. पायांवर सूज, दोन पायऱ्या चढल्या की धाप. त्यातल्या पुष्कळजणी बाळंत होत आणि चार दिवसांत जात. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना त्याचं काही वाटत नसे. या लोकांचं रक्तच पातळ, असं म्हणून ते औषधाची बाटली लिहीत आणि पुढच्या खाटेकडे वळत. छटाक डॉक्टर मात्र अडून बसले. रक्त अन्नापासूनच बनतं, तेव्हा आधी अन्न जोखू आणि मग रक्ताला नावं ठेवू, असं त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं. प्रकरण कमिटीपुढे गेलं आणि वर्षाची मुदत मिळाली. जादा खुराकानं फरक पडला तर तो वॉर्डातल्या सगळ्या बायकांना कायमचा सुरू व्हायचा होता. नाही पडला तर बंद.

हट्टामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची बायको याच रोगानं गेली होती, पहिल्या बाळंतपणात. घरात ज्वारीची पोती, दारात म्हैस, आणि तरी ती कागदासारखी पांढरी पडत गेली. भरल्या घरात माणूस असं का जातं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. अन्न तर होतं, तेव्हा त्या अन्नातच काहीतरी कमी असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

वॉर्डात समोरासमोर सहा-सहा खाटा होत्या. भिंतीकडच्या रांगेला नेहमीचं जेवण, म्हणजे भाकरी, आमटी आणि असलीच तर भाजी. खिडकीकडच्या रांगेला तेच, आणि वर पावशेर दूध, पालेभाजी, दोन उकडलेली अंडी. ज्यांना अंडं चालत नसे त्यांना शेंगदाण्या-गुळाचे लाडू. शुक्रवार पेठेतल्या एका किराणावाल्याकडून डॉक्टरांनी जुना पितळी तराजू आणला होता. ताट जाताना जोखायचं, परत आलं की पुन्हा जोखायचं आणि वजाबाकी वहीत लिहायची. आमच्या स्वयंपाक्याला त्यांनी भंडावून सोडलं. एकदा आमटीची वाटी उजेडात धरून म्हणाले, "महाराज, हिच्यातली डाळ गावाला गेलीय का?"

घरी त्यांची आई या उष्ट्यापायी त्यांना अंगणात आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. पौषातल्या थंडीतही गार पाणी. मी म्हटलं, घरी सांगताच कशाला? तर म्हणाले, "विचारल्यावर खोटं कसं सांगायचं?" हा त्यांचा खरा दुर्गुण. स्वतः खोटं बोलत नसत, म्हणून जगही बोलत नाही असं धरून चालत.

बोलण्याचीही त्यांची एक तऱ्हा होती. गिरणीतल्या बाईला अगंतुगं करणं त्यांच्या जिवावर येई. अहोजाहो करावं तर सगळा वॉर्ड तोंडाला पदर लावून हसे. म्हणून त्यांनी आपली सभ्य माणसाची पळवाट काढली होती. प्रत्येक खाटेपाशी थांबून, नजर वहीत ठेवून विचारत, "जेवण झालं का?" बाई म्हणे, "झालं की." डॉक्टर खूण करत आणि पुढे जात. जेवण झालं का, असं विचारलं की ते कोणी जेवलं हे सांगावं लागत नाही, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही.

शिवाय खाणाऱ्या बाईमाणसाच्या घासाकडे पुरुषानं बघू नये, हा घरचा संस्कार. ताटं वाढली की ते व्हरांड्यात जाऊन पाठमोरे उभे राहत. बघायचं काम माझ्याकडे. वहीत शेवटचा रकाना होता, 'कोणी पाहिले', आणि त्यात रोज माझी सही.

मी पाहिलं ते असं. गिरणीचा बाराचा भोंगा झाला की खिडकीबाहेर पोरं येऊन उभी राहत. कुणाची आजी घेऊन येई, कुणी आपली आपण येत. आई बघायला येतात, असं मला आधी वाटलं. मग एक दिवस मूळ कुंभारी गावच्या मल्लव्वाच्या खाटेशी चादर नीट करायला वाकले, तर दुधाची वाटी खिडकीच्या गजांतून बाहेर गेलेली. ती रिकामी होऊन आत आली. पाठोपाठ लाडू गेले. तिच्या दोन पोरी बाहेर उभ्या राहून न बोलता खात होत्या. शेजारच्या खाटेवर तेच चाललं होतं, त्यापलीकडेही तेच. अन्न ताटात टाकायचं नाही ही सगळ्यांची शिकवण, त्यामुळे ताटं परत जात ती चाटूनपुसून. तराजूला काय कळणार?

मल्लव्वा गिरणीजवळच्या चाळीत राहायची. सातवा महिना, चेहरा मेणासारखा. मी तिला दटावलं. हे तुझ्या रक्तासाठी आहे, पोरींसाठी नाही, असं सांगितलं.

ती म्हणाली, "पोरी हितं उभ्या ऱ्हात्यात बाई. त्यांच्याम्होरं माज्या गळ्याखाली घास उतरतोय व्हय?"

मग डॉक्टरांना सांगते, म्हटलं, तर तिनं माझा हात धरला. "नगा की सांगू. लई चांगला मानूस हाय, जिवाला लावून घेईल. आन पोरास्नी हाकललं तर मी बी हितं ऱ्हानार न्हाय."

गजाबाहेर धाकटी बोटं चाटत उभी होती. मी वहीत सही केली. दुसऱ्या दिवशीही केली. मला ती दया वाटली. आज वाटतं, तो आळस होता. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, काहीतरी तोड काढावी लागली असती, आणि सही करणं सोपं होतं.

माघात मल्लव्वाला मुलगा झाला. तो दोन तास जगला आणि ती चौथ्या दिवशी गेली, भोंगा व्हायच्या जरा आधी. डॉक्टर तिच्या खाटेपाशी वही उघडून बसले. एकेका पानावर बोट फिरवत होते. दूध पावशेर, उरलं काही नाही. लाडू दोन, उरलं काही नाही. मग मान वर करून त्यांनी मला विचारलं, "बाई, हिचं रोज जेवण झालं होतं ना?"

खरं सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. समोर माझ्याच सह्या होत्या. भोंगा झाला होता आणि खिडकीबाहेर पोरी येऊन उभ्या होत्या, त्यांना अजून काही माहीत नव्हतं. "झालं होतं," मी म्हणाले.

वर्ष सरलं. दोन्ही रांगांत मरणं सारखीच. डॉक्टरांनी बेरजा पुन्हापुन्हा करून पाहिल्या. कंपाउंडर म्हणाला, चार आकडे इकडचे तिकडे केले तर कोण बघतंय? त्यावर ते चिडले नाहीत. हवं तेच लिहायचं होतं तर तराजू कशाला आणला, एवढंच म्हणाले. अहवालात त्यांनी स्वच्छ लिहून दिलं की जादा आहारानं या रोगाच्या परिणामात फरक पडत नाही. मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी डॉक्टरांना चहा पाजला. पुढच्या सोमवारी दूध बंद झालं. दोन-तीन दिवस पोरं भोंग्याला आली, गजांना धरून उभी राहिली आणि मग यायची थांबली.

डॉक्टर महिन्याभरात नोकरी सोडून गेले. निरोपाला कोणी जमलं नाही. मी दारापर्यंत गेले. माझ्या चोख कामाबद्दल त्यांनी माझे आभार मानले, आणि ते मी ऐकून घेतले. तराजू स्वयंपाकघरात राहिला. महाराज त्यावर मीठ जोखू लागले.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी एक मुलगी वॉर्डात आली. सोळा वर्षांची, सहावा महिना. मी पापणी ओढून पाहिली, आत पांढरं. आईचं नाव विचारलं तर म्हणाली, मल्लव्वा. ही तीच, गजाबाहेर दूध पिणारी थोरली. मी मोठ्या साहेबांकडे गेले. आता साहेब नवे होते, पण कपाटातला कागद जुनाच. आहारानं फरक पडत नाही हे इथंच सिद्ध झालंय बाई, म्हणाले.

मी रजा टाकली आणि बार्शीला गेले. डॉक्टरांनी तिथं धान्यबाजाराजवळ दवाखाना घातल्याचं भावाकडून कळलं होतं. केस पिकले होते. फळीवर तांबड्या औषधाच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या. एक म्हातारा विचारत होता, पथ्य काय पाळू? डॉक्टर म्हणाले, "काय वाटेल ते खा. फरक पडत नाही." हे वाक्य मी त्या माणसाच्या तोंडात घातलं होतं.

म्हातारा गेल्यावर मी सगळं सांगितलं. खिडकी, वाटी, लाडू, सह्या, काहीच मागे ठेवलं नाही. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? मी म्हटलं, तुम्ही पोरांना हाकललं असतं.

"हाकललं असतं," ते म्हणाले. "आणि कदाचित ती जगली असती."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ते उठून बाटल्यांकडे तोंड करून उभे राहिले, पूर्वी व्हरांड्यात राहायचे तसे पाठमोरे. मग म्हणाले, "आमच्या घरी पुरुषांच्या पंगती उठल्यावर बायका बसायच्या. मी रात्री हिला विचारायचो, जेवण झालं का? म्हणायची, झालं."

भरल्या घरात बायको का गेली, ते त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ते सांगणारी मी होते. अन्नात काही कमी नव्हतं. ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

मग त्यांनी कागद घेतला आणि कमिटीला पत्र लिहिलं की आपला अहवाल चुकीचा होता. खाली मी लिहून दिलं की माझ्या सह्या खोट्या आहेत. त्या पत्राचं काही झालं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. जुनं प्रकरण उकरता येत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं आणि माझी एक बढती गेली. मल्लव्वाच्या पोरीला मी रोज दुपारी माझ्या डब्यातलं भरवलं, समोर बसून, तोंडाकडे बघत. ती जगली. पलीकडच्या खाटेवरची गेली, कारण एका डब्यात दोघींचं भागत नाही. डॉक्टर पुढच्याच वर्षी वारले.

पण ती बार्शीची दुपार. पत्र पाकिटात घातलं, मी पिशवी उचलली आणि दारापाशी आले. मागून नेहमीच्या सवयीनं त्यांचा आवाज आला, "बाई, जेवण झालं का?"

मी झालं म्हणणारच होते. तोंडाशी आलं होतं. पण ते टेबलामागून उठून माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "तसं नाही. तुम्ही जेवलात का?"

"नाही," मी म्हणाले. एवढा एक शब्द मला मल्लव्वाच्या खाटेपाशी उच्चारता आला नव्हता.