गोड बोलणारा रोबोट

नवरा गेला त्याच वर्षी आमच्या शाळेत रोबोट आला. शाळा मुकुटबनजवळ, मी सातवीला गणित शिकवते. तेरवी आटोपून कामावर परतले, तेव्हा तो माझ्या वर्गात टेबलावर होता. पांढरा, घागरीएवढा, डोळ्यांच्या जागी दोन निळे दिवे. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. त्याचंही वाटलं नाही.

मुलं एकेक करून त्याच्यापुढे बसायची आणि तो त्यांना अपूर्णांकांची गणितं घालायचा. सुरुवातीला तो कोरडं बोलायचा. "उत्तर चूक आहे. पुन्हा सोडवा." मुलं त्याला साहेब म्हणायची, ताठ बसायची, विचारायची मात्र काहीच नाहीत. मग यवतमाळहून तंत्रज्ञ आला आणि त्याने बोलण्याची तऱ्हा बदलली. आता तो म्हणायचा, "अरे वा, जवळ आलास की. चल, आपण दोघं मिळून बघू." गणितं तीच होती, तरी मुलं सांगायला लागली, "मॅडम, याले पहिलेच्यापेक्षा जास्त येते." साहेबाचा दादा झाला. मुलं त्याला शंका विचारू लागली.

एक मुलगी तेवढी त्याच्यापुढे जाईना. तांड्यावरून यायची, गणितात बरी होती. तिचे वडील वणीला कोळशाच्या ट्रकवर होते, पावसाळ्यात अपघातात गेले. मधल्या सुट्टीत मी तिला थांबवलं.

"रोबोटकडे काहून जात नाहीस?"

"तो लय गोड बोलते, मॅडम."

"मग बरंच आहे ना?"

ती ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. "बाप गेल्यापासून सगळेच माह्यासंग असे बोलून राह्यले. दुकानवालाबी. पहिलेचा नुसता चूक म्हणे. मले तोच पाहिजे."

मीही स्टाफरूममध्ये शिरले की तिथले आवाज खाली यायचे. हजेरीची बेरीज माझ्याकडून चुकायची, मुख्याध्यापक ती न बोलता दुरुस्त करायचे.

मी तंत्रज्ञाला फोन केला. एकीपुरता जुना आवाज ठेवता येईल का, विचारलं.

"येते ना मॅडम. पण त्या आवाजाले पोरं भितात."

"ही नाही भीत," मी म्हटलं.

त्याने फोनवरच सेटिंग सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती रोबोटपुढे बसली. "उत्तर चूक आहे." तिने खोडलं. "उत्तर चूक आहे. पुन्हा सोडवा." तिने पुन्हा खोडलं, पेन्सिलीला टोक केलं. मग, "बरोबर. पुढचे गणित." ती हसली नाही, पण उठलीही नाही. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. रडू आलं नाही, हलकंही वाटलं नाही. फक्त तास संपल्याची घंटा झाली तेव्हा उठावंसं वाटेना.

वर्ष संपेपर्यंत ती साहेबाकडेच शिकली. बाकीचा वर्ग दादाकडे.