सुईतला दोरा

आमची संस्था चित्रं विकते आणि त्या पैशावर दारव्ह्याजवळच्या तांड्यातल्या बायकांना भरतकाम मिळवून देते, त्यांच्या मुलींना शिकवते. चित्रांची ने-आण माझ्याकडे. एकदा तिथल्याच एका बाईचं, भरतकाम करतानाचं चित्र तिला दाखवायला नेलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. टाका घालताना ती जीभ दातांत धरायची, एवढं आठवतं.

तिने चित्र नाकाजवळ धरून पाहिलं.

“सुईत दोराच नाही. मंग मी काय करून राह्यली?”

आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. मी हसेपर्यंत तिने खरा लाल दोरा चित्रातल्या सुईच्या नेढ्यातून आरपार ओवलासुद्धा.

“अहो ताई, हे विकायचंय!” मी ओरडलो.

तिने मागून गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

“आता न्या इकाले.”