ढोमणे मास्तरांचा शंकू

स्टाफरूममध्ये किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. वर्ध्याच्या आमच्या शाळेत तर किस्स्यांबरोबर कागदाचे कपटेही साचायचे, आणि तेही सगळे माझ्या ड्रॉईंग पेपरचे! मी चित्रकलेचा मास्तर. कागद पळवणारा ढोमणे, गणिताचा.

ढोमण्याला एका जागी बसवतच नसे. हातात कागद आला की वर्तुळ काढायचं, त्याची पाकळी कापायची, गुंडाळून शंकू करायचा आणि पुन्हा उलगडायचा. या अस्वस्थपणाला कारणही होतं. गडी टेम्पररी. एप्रिलमध्ये नोकरी सुटायची, जूनमध्ये पुन्हा लागायची. बायको आर्वीला माहेरीच. सासऱ्यांनी ठणकावलं होतं, "कायम व्हा, मंग पोरीले पाठवतो."

*

एकदा मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी भाजलेले शेंगदाणे मागवले. पुडी वाटायला दिली ढोमण्याकडे. त्याने ती डोळ्यांसमोर धरली, "ही किती अंशांची पाकळी असंल हो?" असं म्हणाला आणि उलगडली की!

शेंगदाणे टेबलाखाली, आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर. हा मात्र कोनमापक शोधत होता.

हेडमास्तर टेबलाखालूनच ओरडले, "उद्यापासून बशीत मागवत जाऊ! बशी उलगडता येत नाई!"

*

गॅदरिंगच्या नाटकात विदूषक मी, आणि टोपीचं काम ढोमण्याकडे. घाईत त्याने माझ्या डोक्याची त्रिज्या घेतली आणि तेवढ्याच त्रिज्येचा कागद कापला. अरे, कागदाची त्रिज्या म्हणजे शंकूची तिरकस बाजू, तळाची त्रिज्या नव्हे! हे तोच पोरांना छडी आपटून शिकवायचा.

टोपी झाली वाटीएवढी. दोऱ्याने टकलावर बांधून स्टेजवर गेलो, तर तोंड उघडायच्या आधीच हशा!

विंगेतून ढोमणे कुजबुजला, "पाह्यलं? म्या मुद्दाम लहान केली!"

*

सासरे एकदा कोर्टाच्या कामाला वर्ध्याला आले, ते त्याच्या खोलीवर उतरले. मीही होतो. ढोमणे बोलत होता तो येरझाऱ्या घालत. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. शेवटी सासऱ्यांनी डोकं धरलं.

"जावईबापू, बसा जी जरा. नोकरीचं काय व्हायचं ते होईन, मले चक्कर येऊन राह्यली!"

मी हसलो. ढोमणे हसला नाही. तेव्हा मला त्याचं फार वाईट वाटलं.

*

आणि मग आलं इन्स्पेक्शन. साहेबांचा शेरा चांगला पडला तर ढोमणे कायम, नाही तर एप्रिल आहेच. साहेब नेमके त्याच्याच वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. मी कागद पुरवायला हजर.

ढोमण्याने दहा इंच त्रिज्येची पाकळी कापली, डिंकाने चिकटवून शंकू केला. फळ्यावर हिशेब मांडला. तळाची त्रिज्या सहा, उंची आठ.

साहेब उठून पुढे आले. "मोजून दाखवा."

शंकू टेबलावर ठेवून शेजारी पट्टी उभी धरली. सव्वाआठ!

"काय हो मास्तर, फळा खरा की पट्टी?"

ढोमणे घामाघूम. खिडकीपर्यंत गेला, परत आला. एकदम त्याने शंकू उचलला आणि टर्रकन जोड उसवला!

"डिंकासाठी कडेवर कड चढवली, साहेब. तळ आवळला, म्हणून शेंडा वर गेला. आता नुसती कडेला कड टेकवून धरा. दोन्ही हातांनी. अन् बिलकुल हलू नका जी!"

साहेबांनी धरलं. पट्टी लावली. आठ! बरोब्बर आठ!

तेवढ्यात घंटा झाली. ढोमण्याचे पाय थांबतात होय? खडू उचलला आणि निघाला पुढच्या वर्गावर!

हेडमास्तर स्वतः चहा घेऊन आले, तर साहेब टेबलावर वाकलेले, दोन्ही हात शंकूला.

"साहेब, चहा..."

साहेब मान न वळवता म्हणाले, "ठेवा तिथंच. मास्तरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलंय."