एका चुलीची माणसं

नालासोपाऱ्याच्या पुलाखाली राहणाऱ्या सगळ्यांचे एक्स-रे झाले, पण सुमन उठायलाच तयार नव्हती. चाळिशीची बाई. गालफडं बसलेली. तोंडाला पदर लावून खोकत होती.

"मला काय नाय झालं. जेवन जात नाय, एवढंच."

मी टीबी विभागात हेल्थ व्हिजिटर आहे. पेशंट शोधायचे, औषध सुरू करायचं आणि कोर्स पुरा होईपर्यंत त्यांचा पिच्छा सोडायचा नाही, हे माझं काम. रस्त्यावर राहणारी माणसं दवाखान्यात येत नाहीत, म्हणून आम्हीच त्यांच्याकडे जातो. एक्स-रे मशीन आता हातात मावतं. फोटोत डाग दिसला की थुंकीचं सॅम्पल लॅबला पाठवायचं.

मी तिच्याशेजारी बसले. नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीतली केळी पिशवीत होती, त्यातलं एक दिलं. तिनं ते घेतलं आणि न खाता चुलीजवळच्या टोपलीत ठेवलं.

"इथं मिळेल ते चौघींत," चुलीपाशी बसलेल्या तिघींकडे बघत ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मॅडम, माझ्यात काय निघालं तर ह्या मला चुलीवरून उठवतील."

"रिपोर्ट फक्त तुला सांगेन."

तेव्हा कुठे ती उठली. फोटोत डाग दिसला, सॅम्पलही पॉझिटिव्ह आलं. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू केल्या. रोजंदारीचं काम मिळतं त्या नाक्यावर जाताना ती आमच्या केंद्रात येऊन गोळी घ्यायची.

प्रश्न बाकीच्या तिघींचा होता. पेशंटच्या घरच्यांनाही तपासून प्रतिबंधक गोळ्या देतात. मी डॉक्टरसाहेबांकडे गेले.

"घरचे? अहो, ती बेघर आहे ना?"

"सर, चौघी एका चुलीवर जेवतात, एका ताडपत्रीखाली झोपतात. मग घरच झालं की."

साहेबांनी मान डोलावली. "बरं, द्या. पण गोळ्या कशासाठी म्हणून विचारलं तर काय सांगणार?"

रिपोर्ट फक्त सुमनला सांगायचा शब्द तर मी दिला होता. सगळं सुमनलाच सांगितलं.

"मीच सांगते," ती म्हणाली. "तुमी फक्त बाजूला उभ्या राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल पेटलेली असताना तिनं तिघींना सांगितलं. चौघींत मोठी जमनाबाई, परभणीकडची. ती भाकरी थापत राहिली.

"आमाला काय कान न्हाईत का गं? रातभर खोकतीस." मग माझ्याकडे वळून, "ताटवाटीनं लागतंय का हे?"

"नाही. खोकल्यातून, हवेतून पसरतं. औषध सुरू झालं की धोका कमी होत जातो."

"मग हिनं कडंला झोपावं, वारं बाहिर जातंय तिकडं. तोंडाला फडकं बांधावं." जमनाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "जेवायचं हितंच."

सुमन रडली. मीही चष्मा पुसला.

तिघींचे एक्स-रे स्वच्छ होते. त्यांच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. पुढे एकदा मी पुलाखाली गेले तर जागा रिकामी. सगळ्यांना तिथून उठवलं होतं. चौघींपैकी कुणाकडेच फोन नव्हता. आता हिला कुठे शोधायचं, या काळजीत मी परत आले. दुपारी गोळ्यांच्या कार्डावरचा माझा नंबर कुणाकडून तरी लावून घेऊन जमनाबाईनं फोन केला.

"मॅडम, आमी विरारला आलोय. हिची गोळी चुकंल, हिकडं कुटं भेटती ते सांगा."

विरारच्या केंद्रात सोय केली. कोर्स पूर्ण झाला तेव्हा सुमनचं सॅम्पल निगेटिव्ह आलं, वजनही वाढलं होतं. आता ती विरारच्या नाक्यावरून कामाला जाते.

बेघर पेशंटला मी हल्ली 'राहता कुठे' हे आधी विचारत नाही, 'जेवता कुणाबरोबर' हे विचारते. राहण्याची जागा कधीही बदलू शकते.